‘अर्धा वेळ संपला आणि हातात काहीच नाही’

गणपती विसर्जन होऊन चार दिवस झाले होते. सकाळी साडेनऊला एका आईचा फोन आला. “मॅडम, मुलगा पुण्याला परत जायचं नावच काढत नाही. लॅपटॉप बॅगेतून बाहेर काढलेला नाही. विचारलं की एकच सांगतो, अर्धा वेळ संपला आणि माझ्या हातात काहीच नाही.”

सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य मी वर्षातून कितीतरी वेळा ऐकते. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षात अडकलेल्या प्राध्यापिका, सीएची आर्टिकलशिप करणारी मुलं, स्पर्धा परीक्षेच्या दुसऱ्या प्रयत्नाच्या ऐन मध्यावर असलेले तरुण, सगळे थोड्याफार फरकाने हेच बोलतात. सुरुवातीला उत्साह असतो, शेवटी घाई असते. मधल्या टप्प्यावर माणूस एकटा पडतो. म्हणून त्या मुलाची हकिकत सांगते आहे. त्याची आणि घरच्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि त्याला मी इथे ‘तो’ एवढंच म्हणणार आहे.

तो इंटरॅक्शन डिझाइन शिकतो. म्हणजे माणूस आणि यंत्र यांच्यातला व्यवहार कसा असावा हे ठरवायला शिकतो. बटण कुठे हवं, त्यावर शब्द कोणता हवा, चुकलं तर मागे कसं यायचं. सोळा आठवड्यांचा प्रोजेक्ट होता. विषय त्याने स्वतः निवडलेला: पुराच्या दिवसांत सांगलीतल्या घरांना माहिती कशी मिळावी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा तो शाळेत होता. गावभागातल्या आजीला बोटीतून बाहेर काढावं लागलं होतं. विषय त्याच्या घरातूनच आलेला होता, आणि त्यामुळे अपयशाची भीतीही घरात शिरली होती.

आठवा आठवडा उलटल्यावर काही आठवड्यांनी मिडटर्म ज्युरी होती. ज्युरी म्हणजे तीन-चार शिक्षक आणि एखादे बाहेरचे डिझायनर समोर बसतात, विद्यार्थी काम मांडतो आणि ते प्रश्न विचारतात. ज्युरीला पंधरा दिवस उरले होते आणि लॅपटॉप अकरा दिवस बंद होता.

पहिल्या भेटीत मी आधी झोप, जेवण आणि आंघोळ यांची चौकशी केली. मग सरळ विचारलं, “जगू नये असं वाटतं का?” हा प्रश्न मी आडवळणाने विचारत नाही. विचारल्याने डोक्यात नवा विचार शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. तो म्हणाला, “नाही. पण गायब व्हावंसं वाटतं. कोर्समधून.” मी तरीही त्याच्या फोनमध्ये टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर टाकून घेतला. रात्री दोन वाजता मी नसेन, तो नंबर असतो.

त्यानंतर माझ्याकडून एक चूक झाली. मी म्हणाले, “मधल्या टप्प्यावर सगळ्यांचं असंच होतं.” म्हणणं खोटं नव्हतं. आंद्रेआ बोनेझी हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हेच दाखवलं होतं, की सुरुवातीला माणूस किती पुढे आलो ते मोजतो, शेवटी किती उरलं ते मोजतो, आणि मध्यावर दोन्ही टोकं सारखीच लांब दिसत असल्याने जोर ओसरतो. पण त्याला त्या क्षणी ‘सगळ्यांचं’ ऐकायचं नव्हतं. त्याने मान हलवली आणि दाराकडे बघितलं. दिलासा लवकर दिला की समोरच्याला वाटतं, यांनी माझं ऐकलंच नाही. मी थांबले. विचारलं, “हातात काहीच नाही म्हणजे नेमकं काय नाही?”

“स्क्रीन नाहीत. म्हणजे होत्या. चौतीस केल्या होत्या फिग्मावर, त्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर. सगळ्या बाद झाल्या.”

“कोणी बाद केल्या?”

बराच वेळ तो गप्प बसला. मग म्हणाला, “मीच.”

त्याला मी पुढच्या वेळी जे काही कागदावर असेल ते सगळं घेऊन यायला सांगितलं. स्टुडिओतल्या त्याच्या भिंतीवरच्या स्टिकी नोट्स मित्राने काढून कुरिअरने पाठवल्या. तीन दिवसांनी तो कापडी पिशवी घेऊन आला. खोलीतलं टेबल बाजूला सरकवून आम्ही सतरंजी अंथरली आणि पिशवी उपडी केली. पिवळे, गुलाबी, निळे चौकोन. काहींचा गोंद सुटलेला, काहींना दुसऱ्याच कागदाचा तुकडा चिकटलेला. मी म्हटलं, विषयाप्रमाणे लावू नकोस. तारखेप्रमाणे लाव.

त्याला ते विचित्र वाटलं, कारण डिझाइनच्या वर्गात चिठ्ठ्या अर्थाप्रमाणे गटात लावायला शिकवतात. पण मला त्याचा प्रोजेक्ट समजून घ्यायचा नव्हता. त्याला स्वतःचा प्रवास दिसावा एवढंच हवं होतं. चिठ्ठ्यांच्या मागे तारखा होत्याच, ती त्याची चांगली सवय. तासाभरात सतरंजीवर भिंतीपासून दारापर्यंत एक ओळ तयार झाली.

मग एक कोरा कागद घेऊन मी तीन रकाने आखले. आधी काय वाटत होतं, मग काय दिसलं, म्हणून काय बदललं. ओळीवरून चालत जायचं आणि जिथे जिथे विचार वळला तिथे थांबून कागदावर लिहायचं.

पहिले दोन आठवडे सरळ गेले. आधी वाटत होतं: लोकांना पाण्याची पातळी वेळेवर कळत नाही, म्हणून ती फोनवर दर तासाला दाखवावी. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांवर इशारा पातळी, ४५ फुटांवर धोका पातळी. त्याने त्यावर पिवळा आणि लाल रंग ठरवून टाकले होते. नकाशा, आकडा, रंग. चौतीस स्क्रीन त्यातूनच आल्या.

मग एक पिवळी चिठ्ठी आली. शाई पसरलेली, कोपऱ्यावर चहाचा डाग. ती उचलताना त्याचा हात थोडा थबकला. पाचवी मुलाखत, दत्तनगरमधल्या एका काकूंची. त्यांचे शब्द त्याने जसेच्या तसे उतरवले होते: ‘मला फूट-बीट कळत न्हाई. पाणी माझ्या उंबऱ्याला कधी लागतंय त्येवढं सांग.’

“हे मी वाचलं आणि झोपलो नाही,” तो म्हणाला. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर अशा सखल भागांत इशारा पातळीच्या आधीच पाणी शिरतं. गावभागात उंचावरच्या घराला ४५ फुटांनाही काही होत नाही आणि त्याच गल्लीच्या खालच्या टोकाला सामान माळ्यावर चढवायला लागतं. म्हणजे पुलापाशी आकडा एक आणि घराघरात त्याचे अर्थ वेगळे. लोकांना पातळी कळत होती. रेडिओवर, व्हॉट्सॲपवर, गल्लीत, सगळीकडे आकडा होताच. कळत नव्हतं ते त्या आकड्याचं आपल्या घराशी असलेलं नातं.

मी कागद त्याच्याकडे सरकवला. दुसऱ्या रकान्यात त्याने काकूंचं वाक्य लिहिलं. तिसऱ्या रकान्यात लिहिलं: ‘चौतीस स्क्रीन टाकल्या.’ आणि पेन खाली ठेवून माझ्याकडे बघितलं.

“हे कुठल्या खात्यात मांडायचं,” मी विचारलं, “गेलेल्या कामात की झालेल्या कामात?”

त्याने उत्तर दिलं नाही. डोळे भरून आले होते. मी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि थोडा वेळ आम्ही दोघंही बोललो नाही.

समुपदेशकाने इथेच थांबून पाठ थोपटली तर ते अर्धवट काम होतं, असं माझं ठाम मत आहे. त्याची सगळीच भीती खोटी नव्हती. पाचव्या मुलाखतीची चिठ्ठी पाचव्या आठवड्याची होती. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत सतरंजीवर नव्या माणसाची एकही चिठ्ठी नव्हती. आणखी चार मुलाखती झालेल्या होत्या, पण त्या काकूंच्याही आधी ठरलेल्या होत्या आणि त्याच आठवड्यात उरकलेल्या. मग तीन आठवडे तू काय केलंस, असं मी विचारलं. आवाजात आरोप येऊ दिला नाही, पण प्रश्नही टाळला नाही.

“रंग बदलत होतो,” तो म्हणाला. “जुन्याच स्क्रीनचे. फॉन्ट. आयकॉन.”

त्याला ठाऊक होतं की पाया हलला आहे, आणि ते कबूल करावं लागू नये म्हणून तो वरवरची रंगरंगोटी करत राहिला. नवं काही कोणाला दाखवून बघितलं नाही. त्यानेच मला समजावलं, की मुलाखत घेणं आणि चाचणी घेणं या दोन वेगळ्या गोष्टी. मुलाखतीत माणूस बोलतो, चाचणीत तो आपली वस्तू हातात घेऊन चुकतो. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब निल्सन यांचा एक हिशोब त्यांना शिकवतात: वापरात अडचणी आणणाऱ्या गोष्टींपैकी साधारण ८५ टक्के पाच माणसांच्या चाचणीतच समोर येतात. त्याच्या नऊ मुलाखती झाल्या होत्या. चाचणी एकही नाही.

“का नाही?”

“अर्धवट वस्तू कशी दाखवणार? ज्युरीला पूर्ण दिसलंच पाहिजे.”

मला माझा धागा मिळाला. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. तिचं सार आपल्या भाषेत एका अक्षरात दिसतं, ते म्हणजे ‘च’. ‘चांगलं व्हावं’ ही इच्छा आहे. ‘चांगलं झालंच पाहिजे’ हा हट्ट आहे, आणि हट्ट पुरा होत नाही असं दिसलं की माणूस काम सोडतो किंवा स्वतःला शिव्या देतो. मी त्याला त्याची पाच वाक्यं लिहायला सांगितली आणि प्रत्येकातला ‘च’ खोडायला लावला. ‘ज्युरीला पूर्ण दिसलंच पाहिजे’चं झालं ‘ज्युरीला पूर्ण दिसावं असं मला वाटतं’. ‘मी मागे पडताच कामा नये’चं झालं ‘मी मागे पडू नये असं वाटतं, पण आत्ता तीन आठवडे मागे आहे’. हे दुसरं वाक्य वाचताना त्याचा आवाज पहिल्यांदा स्थिर वाटला. मागे आहे, ही वस्तुस्थिती त्याला झेपत होती. मागे पडताच कामा नये, याखाली तो दबून गेला होता.

त्या दिवशी मी त्याला आणखी एका अभ्यासाविषयी सांगितलं. हा अभ्यास मला स्वतःला फार आधार देतो. कॉनी गेर्सिक यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात आठ प्रोजेक्ट गट सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिले होते. कोणाला आठवडाभर मुदत, कोणाला सहा महिने. तरीही जवळजवळ प्रत्येक गट बरोबर अर्धी मुदत उलटताना खडबडून जागा झाला. आधीची पद्धत सोडली, बाहेरच्यांशी बोलला आणि नव्या दिशेने निघाला. काम किती झालं होतं यावर हे अवलंबून नव्हतं. कॅलेंडरवर अर्धा वेळ गेल्याची जाणीव हेच कारण.

तो ऐकत होता. मग म्हणाला, “म्हणजे ही इशारा पातळी आहे. धोका पातळी नाही.”

सांगलीचाच मुलगा तो. चाळीस फूट म्हणजे काय हे त्याला सांगावं लागत नाही. चाळीस फुटांना माणसं रडत बसत नाहीत, गाद्या वर चढवतात, म्हशी उंचावर नेतात, कागदपत्रांची पिशवी दाराशी ठेवतात. मी त्याला विचारलं, तुझ्या प्रोजेक्टमध्ये आधी काय हलवायला हवं? त्याने दोन गोष्टी सांगितल्या. गाइडला आजच फोन करून सगळं खरं सांगायचं. आणि ज्युरीच्या आधी पाच माणसांसमोर काहीतरी ठेवायचं, कागदाचं का होईना.

मधल्या काळात मी आई-वडिलांना एकदा बोलावलं. वडील बांधकामाची कामं घेतात. रोज फोनवर ते मुलाला विचारायचे, “किती टक्के झालं?” त्यांच्या धंद्यात हा प्रश्न बरोबर आहे. जोतं झालं, वीटकाम झालं, स्लॅब पडला, त्याप्रमाणे पैसे मिळतात. पण मुलाच्या कामाला टक्के लागत नाहीत आणि तो रोज खोटा आकडा सांगत होता: तीस, चाळीस, पन्नास. ज्या दिवशी पन्नास म्हणाला त्या दिवसापासून लॅपटॉप उघडला नव्हता. मी वडिलांना तीन रकान्यांचा कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला, उंबऱ्याच्या वाक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “हे बरं झालं की. नकाशा चार वेळा खोडला तर रबर झिजतं. भिंत पाडून बांधायची म्हणजे माणूस झिजतो.” मग थोडं थांबून, “त्याला सांगा, मी आता टक्के विचारत नाही.” मी म्हटलं, ते तुम्हीच सांगा. टक्क्यांऐवजी या आठवड्यात नवीन काय कळलं, एवढं विचारा.

माझ्याकडे येणाऱ्या सगळ्या पालकांना मी हा बदल सुचवते. घरातला रोजचा प्रश्न बदलला की मुलाचं स्वतःला मोजायचं मापही बदलतं.

तिसऱ्या भेटीला तो आला तेव्हा पुठ्ठ्याच्या पट्ट्या घेऊन आला. बुटांच्या खोक्याचं झाकण कापून त्याने उभी शिडी केली होती. फूट कुठेच लिहिले नव्हते. खालपासून वर: गटाराचं झाकण, उंबरा, जोत्याची तिसरी पायरी, खिडकीची कड, लाइटचं मीटर, माळा. प्रत्येक घराने आपापल्या खुणा लावायच्या आणि फोनने सांगायचं, ‘पाणी सायंकाळपर्यंत तुमच्या तिसऱ्या पायरीला लागेल’. गावभागात आजीकडे जाऊन त्याने पहिली चाचणी घेतली होती. आजीच्या घरात सोप्याच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची रेघ अजून आहे, आजोबांनी विटकरीने ओढलेली. आजीने पुठ्ठा त्या रेघेशेजारी धरला आणि खालून वर बोट फिरवत नेलं. उंबऱ्यावर थांबली नाही, पायरीवर थांबली नाही. बोट मीटरवर जाऊन टेकलं. म्हणाली, “हे आधी सांग. लाइट कधी जाणार? लाइट गेली की मोटर बंद, टाकीत पाणी चढत न्हाई, आणि तुझा फोन बी बंद.”

हे सांगताना तो हसत होता आणि वैतागलेलाही होता. “म्हणजे परत बदलायचं.”

“कुठल्या रकान्यात?”

“दुसऱ्या,” तो म्हणाला, आणि मी न सांगता बॅगेतून कागद काढला.

चार घरांत आणखी चाचण्या झाल्या. एका घरात पुठ्ठा उलटा धरला गेला, त्यावरून वरचं टोक वेगळ्या आकाराचं करायला हवं हे समजलं. सांगलवाडीतल्या एका काकांनी सगळं नीट बघून विचारलं, “जनावरांची खूण कुठंय?” त्यांच्या लेखी पाणी गोठ्याला लागणं ही पहिली पायरी होती, उंबरा नंतर. बाकी दोन घरांतून विशेष काही मिळालं नाही, आणि तेही त्याने लिहून ठेवलं.

ज्युरीच्या आदल्या दिवशी आम्ही फोनवर दहा मिनिटं बोललो. पोटात गोळा होता, झोप साडेचार तास झाली होती. भीती गेलेली नव्हती आणि ती जायला हवी असं मी म्हटलंही नाही. काय मांडणार, असं विचारलं. तो म्हणाला, सुरुवात पुठ्ठ्याने करणार नाही. आधी तीन रकाने मोठ्या कागदावर, टाकलेल्या चौतीस स्क्रीन छोट्या करून त्याच्या डाव्या कडेला, मग पुठ्ठा. आणि रंगरंगोटीत घालवलेले तीन आठवडेसुद्धा सांगणार. “तेवढं सांगायची गरज आहे का?” मी विचारलं. “त्याशिवाय ओळीत भोक दिसतं,” तो म्हणाला.

ज्युरी बरी गेली. वाहवा झाली नाही. बाहेरून आलेल्या डिझायनरांनी दोन ठिकाणी चांगलं धारेवर धरलं: घराघरातल्या खुणा आणि पुलाजवळची पातळी यांचा मेळ नेमका कोण घालणार, आणि तो चुकला तर जबाबदारी कोणाची. पहिल्याचं अर्धं उत्तर त्याच्याकडे होतं, दुसऱ्याचं नव्हतं. त्याने तसं सांगितलं. श्रेणी मधली मिळाली.

रात्री त्याने मला एक फोटो पाठवला. स्टुडिओतली भिंत, तीन रकाने, आणि मधल्या रकान्याच्या तळाशी गाइडच्या अक्षरात एक गुलाबी चिठ्ठी: ‘लाइट गेल्यावर आजीचा फोन किती तास चालतो?’ तिच्या पुढची जागा रिकामी होती. फोटोखाली त्याने लिहिलं होतं, शनिवारी पहाटेच्या एसटीने सांगलीला येतोय, गल्लीतल्या पाच घरांत पॉवर बँक आहे का ते बघायला.